यमाच्या दारातल्या तीन रात्री

नचिकेत यमाच्या घरी पोहोचतो तेव्हा यम घरी नसतो. मुलगा थांबतो. एक रात्र जाते, दुसरी जाते, तिसरी जाते. पोटात अन्नाचा कण नाही. यम परततो तेव्हा घरची माणसं (भाष्यकारांच्या मते त्याची पत्नी किंवा त्याचे मंत्री) त्याला सगळ्यात आधी सांगतात, की पाहुणा उपाशी आहे, त्याच्यासाठी पाणी घेऊन जा. मग प्रत्यक्ष मृत्यूचा देव एका पोरापुढे नमतो आणि झाल्या चुकीची भरपाई म्हणून उपाशी काढलेल्या प्रत्येक रात्रीमागे एक वर देऊ करतो.

कठोपनिषदातली आत्म्याची चर्चा, श्रेय आणि प्रेय यांतली निवड, शरीराला दिलेली रथाची उपमा हे सगळं त्यानंतरचं आहे. प्रवचनांत तिथे पोहोचण्याची घाई असते आणि ते पाणी मागेच राहून जातं.

नचिकेत तिथे आला कसा, हेही असंच मागे पडतं. बाप यज्ञात दक्षिणा म्हणून दूध आटलेल्या, थकलेल्या गाई देत होता. मुलाला ते खुपलं. मग मला कुणाला देणार, असं त्यानं एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि चिडलेला बाप बोलून गेला की तुला मृत्यूला दिलं. रागाच्या भरात बापाच्या तोंडून निसटलेलं ते वाक्य उरात घेऊन हा मुलगा यमाकडे आलेला आहे. असा मुलगा, अशी मुलगी आजही दिसते. समुपदेशकाच्या खोलीबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर घट्ट धरून. वाक्य निराळं असतं. ते कधी बापाचं असतं, कधी नवऱ्याचं, कधी सासूचं. पुष्कळदा स्वतःच्याच मनानं स्वतःला ऐकवलेलं असतं.

त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे जे कधी तिथे बसले आहेत त्यांना सांगावं लागत नाही. ओळखीचं कुणी पाहील का? आत गेल्यावर सुरुवात कुठून करायची? हे केस पेपरवर लिहितील का, आणि तो कागद पुढे कुणाच्या हाती पडेल? लग्नाच्या वेळी निघेल का? आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत किती तरी लोक असतील, आपण उगाच त्यांची जागा अडवतोय का? मिळालेला फोन नंबर कुणी चार-सहा महिने पाकिटात नुसता जपून ठेवलेला असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. म्हणजे जो माणूस त्या खुर्चीपर्यंत पोहोचला, तो आधीच फार लांबून चालत आलेला असतो.

त्याचं स्वागत कसं करायचं, याची उत्तरं व्यवहाराच्या भाषेत देता येतात: फोन कुणी उचलावा, फॉर्म किती पानांचा असावा, खुर्च्या कशा मांडाव्यात. ती उत्तरं लागतातच. पण त्यांच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे, आणि तो धर्मचिंतनाचा आहे. दुःख घेऊन दारात आलेल्या अनोळखी माणसाचं आपण काय देणं लागतो? आणि ते देणं फी घेऊन, घड्याळ लावून, आठवड्यातल्या ठरावीक वारी फेडलं, तर ते खरं असतं का?

हा प्रश्न मार्टिन बुबर या ज्यू तत्त्वज्ञाच्या आयुष्यात एका सकाळी दार ठोठावून आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची गोष्ट. बुबर तेव्हा गूढ धार्मिक अनुभवांत रमलेला होता. तशाच एका भारलेल्या सकाळनंतर एक अनोळखी तरुण त्याला भेटायला आला. बुबरनं त्याला नीट बसवलं, मोकळेपणानं बोलला, त्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं. कुठेही तुसडेपणा नव्हता, घाई नव्हती. फक्त तो स्वतः मनानं तिथे नव्हता, आणि म्हणून त्या तरुणानं न विचारलेले प्रश्न त्याला ओळखता आले नाहीत. पुढे काही काळानं त्या तरुणाच्या एका मित्राकडून बुबरला दोन गोष्टी कळल्या. तो तरुण आता जिवंत नव्हता. आणि त्या दिवशी तो सहज गप्पा मारायला आलेला नव्हता. आयुष्यातल्या एका निर्णयासाठी आला होता.

बुबरनं ही आठवण स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि आपलं धार्मिक जीवन त्यानंतर बदललं असं म्हटलं आहे. माणसांपासून दूर, वेगळ्या काढलेल्या घटकांत भेटणारा ईश्वर त्यानं सोडून दिला. समोर आलेल्या माणसाच्या हाकेला उत्तर देणं हाच त्याच्यासाठी धर्म उरला. ‘मी आणि तू’ हे त्याचं प्रसिद्ध पुस्तक १९२३ साली निघालं. त्या पुस्तकाच्या मागे कुठे तरी हा तरुण उभा आहे, असं वाटत राहतं.

ही गोष्ट प्रत्येक समुपदेशकाला शिकताना सांगायला हवी. कारण तिच्यातल्या यजमानाची काहीच चूक दाखवता येत नाही. स्वागताच्या नियमांची यादी केली असती तर बुबर प्रत्येक नियमात उत्तीर्ण झाला असता.

सभ्य वागणूक मिळूनही माणसं परत येत नाहीत, याचे आकडेही आहेत. जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ साली ६६९ अभ्यास एकत्र करून ८३,८३४ जणांची माहिती तपासली. त्यांपैकी १९.७ टक्क्यांनी, म्हणजे साधारण पाचांतल्या एकानं, थेरपी अर्ध्यात सोडली होती. तरुण वयात हे प्रमाण जास्त होतं, आणि समोरचा थेरपिस्ट शिकाऊ असेल तेव्हाही जास्त. या पाचव्या माणसाचं पुढे काय होतं? काहींना हवं होतं तेवढं मिळालेलं असतं, काहींची नोकरीची पाळी बदलते, कुणाला बसभाडं परवडत नाही. पण काहीजण आपण आत आल्यावर खरोखर आत घेतले गेलोच नाही, ही भावना घेऊन जातात, आणि दुसरं दार ठोठावण्याआधी पुन्हा कित्येक महिने काढतात.

आत घेतलं जाणं म्हणजे नेमकं काय, याचा विचार कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर केला. हा माणूस धर्मगुरू व्हायला निघाला होता. न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत तो दोन वर्षं होता. विशिष्ट श्रद्धा बाळगण्याच्या अटीवर आपण आयुष्यभराचं काम करू शकणार नाही, असं लक्षात आल्यावर तो रस्त्यापलीकडच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात गेला. नंतर रॉचेस्टरमध्ये बारा वर्षं त्यानं अडचणीत सापडलेल्या मुलांबरोबर काम केलं. ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ हा शब्द या क्षेत्रात रुजला तो मुख्यतः त्याच्या १९४२ सालच्या पुस्तकामुळे. मराठीत हा शब्द आजही वकिलाच्या ऑफिसातला वाटतो आणि ‘अशील’ म्हटलं तर आणखीच कोरडा. पण रॉजर्सला त्यातून एवढंच म्हणायचं होतं, की आलेला माणूस कुणाच्या ताब्यात दिलेला नाही. तो स्वतःच्या पायांनी आलाय आणि स्वतःच्या पायांनी जाऊ शकतो.

१९५७ साली रॉजर्सनं एका निबंधात माणूस बदलण्यासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी मांडल्या. बिनशर्त आदर, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, थेरपिस्टचा आतबाहेर एकच असणं, या अटी सगळ्यांना पाठ असतात. सहावी अट फारशी कुणी सांगत नाही. ती अशी, की हा आदर आणि ही समज निदान थोडी तरी समोरच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. त्याला ती जाणवली पाहिजे. थेरपिस्टच्या मनात कितीही माया असेल. ती टेबलाच्या पलीकडे पोहोचली नसेल तर पहिल्या पाच अटी पुऱ्या होऊनही काम अडतं. बुबरच्या त्या सकाळी नेमकी हीच अट राहिली होती, असं कुणी म्हणेल. पण तिथे त्याहून मूळचंच काही तरी राहिलं होतं: माणूस घरात होता आणि घरी नव्हता, यमासारखा.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १८ एप्रिल १९५७ रोजी, हे दोघं समोरासमोर बसले. मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बरला, श्रोत्यांसमोर. रॉजर्सचं म्हणणं होतं की थेरपीतल्या सर्वोत्तम क्षणी दोन माणसं बरोबरीनं भेटतात, डॉक्टर आणि रोगी असा भेद तेव्हा उरत नाही. जवळपास ऐंशीच्या घरातल्या बुबरनं हे मान्य केलं नाही. तो माणूस तुमच्याकडे मदतीसाठी आला आहे, तुम्ही त्याच्याकडे मदतीसाठी गेलेला नाही. तुम्ही त्याच्या बाजूनं पाहू शकता, त्याला तुमच्या बाजूनं पाहता येत नाही, अशा आशयाचं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. परिस्थितीच मुळात असमान आहे आणि तुमच्या सद्भावनेनं ती समान होत नाही.

या वादात कोण जिंकलं यावर नंतर बरंच लिहिलं गेलं. पहिल्या भेटीपुरतं बोलायचं तर बुबरची बाजू खरी आहे. एक माणूस आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत, आपल्या ओळखीच्या भाषेत बसलेला आहे. दुसऱ्याला टिश्यूचा डबा कुठे आहे हेही माहीत नाही. रडू आलं तर चालतं का, हेही नाही. या विषमतेवर आपण दोघं सारखेच, असं गोड पांघरूण घातलं तर येणाऱ्याची अडचण आणखी वाढते, कारण मग ती अडचण बोलूनही दाखवता येत नाही. विषमता मान्य केली की पुढचं सरळ होतं: ज्याच्या हातात जास्त आहे, त्यानं आधी उठायचं.

मराठी घरांत याची एक जुनी रीत आहे. उन्हातून कुणी आलं की आधी गूळ आणि पाणी पुढे येतं. पाहुणा कोण, कुठला, कोणत्या कामासाठी आला, हे नंतर. ‘कसं येणं केलंत?’ हा प्रश्न घोटभर पाणी पोटात गेल्यावरच विचारायचा, नाही तर तो उलटतपासणीसारखा ऐकू येतो. शब्द तेच, क्रम बदलला की अर्थ बदलला. कितीतरी दवाखान्यांत हा क्रम उलटा असतो. आधी नाव, वय, पत्ता, पूर्वीचा आजार, घरात कुणाला मानसिक आजार होता का, आत्महत्येचे विचार येतात का. तेही खिडकीतून, मागे रांग उभी असताना. प्रश्न सगळे गरजेचे आहेत. शेवटचा तर विचारायलाच हवा, आणि न कचरता विचारायला हवा. पण पाण्याच्या आधी नाही.

इथे ‘अतिथी’ हा शब्द थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्याची पारंपरिक फोड सांगतात. तैत्तिरीय उपनिषदानं शिकून घरी निघालेल्या शिष्याला त्याला देव मानायला सांगितलं, ते याच अवचित येणाऱ्याबद्दल. थेरपीत येणाऱ्याची तिथी मात्र ठरलेली असते: बुधवार, सायंकाळी पाच, पन्नास मिनिटं. तो फी देतो. मग हा पाहुणा कसा? आणि ‘यजमान’ शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर गुंता आणखी वाढतो. यजमान म्हणजे जो यज्ञ करवतो आणि दक्षिणा देतो तो. त्या अर्थानं समुपदेशनाच्या खोलीतला यजमान पैसे देणारा, म्हणजे आलेला माणूसच ठरतो. थेरपिस्ट हा ऋत्विज. दुसऱ्याच्या यज्ञात मदतीला बसलेला. फ्रेंच भाषेत पाहुणा आणि यजमान या दोघांना एकच शब्द आहे, आणि जाक देरिदा या तत्त्वज्ञानं १९९६च्या सुमारास पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्या संदिग्धतेवर बरंच चिंतन केलं. नाव न विचारता, अट न घालता, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दार उघडणं हेच खरं आतिथ्य, असं तो म्हणतो. आणि कोणतंही प्रत्यक्ष घर अटींशिवाय चालत नाही, हेही तोच सांगतो. या दोन गोष्टींची तडजोड होत नाही. तरी एकीवाचून दुसरी उभी राहत नाही.

थेरपी या भेगेवरच उभी आहे. तिथला आदर बिनशर्त आहे, आणि वेळ मात्र पन्नास मिनिटंच आहे. अटी लपवल्या तर हा ढोंगीपणा होतो. पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितल्या तर त्याच अटी आधार बनतात. झिगमुंड फ्रॉइडला हे पक्कं ठाऊक होतं. उपचारांची सुरुवात कशी करावी यावर १९१३ साली लिहिताना त्यानं बुद्धिबळाचं उदाहरण घेतलं: डावाची सुरुवात आणि शेवट तेवढे शिकवता येतात, मधलं सगळं ज्याचं त्यानं खेळायचं. त्याच लेखात तो पैशांबद्दल आडपडदा न ठेवता बोलायला सांगतो. ज्या गोष्टींबद्दल सभ्य समाज कुजबुजतो त्या मोकळेपणानं बोलायच्या, हेच ज्या खोलीचं काम, तिथे फीबद्दल डॉक्टरनंच संकोच केला तर कसं चालेल? आणि फ्रॉइडसारख्या माणसाकडून अपेक्षित नसलेली एक साधी गोष्टही तिथे आहे. येणाऱ्याशी नातं जुळायला वेगळं काही करावं लागत नाही. त्याला वेळ द्यावा, मनापासून रस घ्यावा, आणि अर्थ सांगण्याची, नीतीचे धडे देण्याची घाई करू नये. पहिल्या ओळखीतच एखाद्याच्या मनाचा उलगडा त्याच्या तोंडावर फेकणाऱ्यांवर त्यानं कडक शब्दांत टीका केली आहे.

पुढच्या संशोधनानं या नात्याला मोजमाप दिलं. एडवर्ड बॉर्डिन यानं १९७९ साली थेरपीतल्या जोडणीचे घटक सांगितले: कुठे जायचं यावर एकमत, तिथे जाण्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि परस्परांतला जिव्हाळा. यातले दोन घटक करारासारखे आहेत, एकच भावनेचा आहे, ही गोष्ट महत्त्वाची. नुसतं गोड बोलून भागत नाही. आपण इथे काय करणार आहोत, हे येणाऱ्याला कळलं पाहिजे. २०१८ साली क्रिस्टॉफ फ्ल्यूकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र करून ही जोडणी आणि उपचारांचं फळ यांतला संबंध तपासला. सहसंबंध ०.२८च्या आसपास आला. हा आकडा डोळे दिपवणारा नाही. पण थेरपीची पद्धत कुठलीही असो, देश कुठलाही असो, तो इतक्या चिवटपणे टिकून राहतो की त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

युरोपच्या मठांत याच प्रश्नाला एक वेगळं उत्तर आहे, आणि ते थोडं अस्वस्थ करतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत पाहुण्यांवर एक प्रकरण आहे: येणाऱ्या प्रत्येकाला जणू ख्रिस्तच आला असं समजून आत घ्यावं. दारावर बसवायचा माणूस वयानं आणि समजेनं पिकलेला असावा, त्यानं कुणी ठोठावताच उत्तर द्यावं. पण कुणी मठात कायमचा राहायला, म्हणजे आयुष्य बदलायला आला, तर त्याला सहज आत घेऊ नये, असंही तीच नियमावली सांगते. त्यानं चार-पाच दिवस दारात ठोठावत राहावं, अवहेलना सोसावी, मग बघू. थेरपीला येणारा यांपैकी कोण? वाटसरू की नवशिक्या साधू? मानसोपचारांच्या इतिहासात त्याला दुसऱ्या दारानं आत घेण्याचा मोह अनेकांना झाला. खरी तळमळ असेल तर थांबेल, पुन्हा फोन करेल, असं म्हणणारे आजही भेटतात. हा विचार चुकीचा आहे. मठाच्या दारात उभा असलेला तरुण धडधाकट असतो, त्याच्या मागे घर शिल्लक असतं. नैराश्यानं पिचलेल्या माणसाला दार उघडायला उशीर लागला, तर तो त्यातून एकच अर्थ काढतो, कारण तो अर्थ त्याच्या मनात आधीपासून तयार असतो: बघ, तुला कुणी घेत नाही. आजार जे सांगतोय त्याला दारानं दुजोरा द्यायचा नसतो.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं जे केलं त्यात हे भान दिसतं. १९९६ साली सुरू झालेल्या या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्यांसाठी सहा ते आठ भेटींची एक साधी समुपदेशन पद्धत वापरून पाहिली. समुपदेशक होते स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेले, लोकांच्या बोलीत बोलणारे. भेट केंद्रात होई किंवा माणसाच्या घरीही. ४९५ जणांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले: तीन महिन्यांनी, नेहमीच्या उपचारांना या समुपदेशनाची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. ही संस्था गोव्यात काम करताना आजाराचं भारदस्त नाव पुढे करण्याऐवजी लोकांच्या तोंडी असलेल्या ताण, टेन्शन या शब्दांतून बोलत आली आहे. आपल्याकडे ‘टेन्शन आलंय’ म्हणायला कुणालाच लाज वाटत नाही. ज्या शब्दानं माणूस आत येऊ शकतो, तो शब्द दारावर असावा.

झिम्बाब्वेमध्ये तर दारच नव्हतं. डिक्सन चिबांडा हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची एक तरुण रुग्ण दवाखान्यापर्यंत यायला बसभाडं नाही म्हणून येऊ शकली नाही आणि तिनं जीव दिला. २००६ साली त्यांनी हरारेच्या एंबारे वस्तीत काम उभं करायचं ठरवलं, तेव्हा त्यांना खोली मिळाली नाही, परिचारिका मिळाल्या नाहीत. मिळाल्या त्या चौदा आज्या. दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले गेले. सुरुवातीला त्याचं नाव मानसिक आरोग्याचा बाक असं होतं आणि लोक फिरकत नव्हते. आज्यांनीच सांगितलं की याला मैत्रीचा बाक म्हणा. शोना भाषेत नैराश्याला जवळचा शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करत बसणं, आणि आज्या तोच वापरतात. त्यांच्या पद्धतीची पहिली पायरी आहे मन उघडणं. २०१६ साली ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले, तेव्हा बाकावर बसलेल्यांची लक्षणं सहा महिन्यांनी स्पष्टपणे कमी झालेली दिसली.

आपल्याकडे दुःखी माणूस आधी आजीकडे, आणि मग बहुतेक वेळा देवाकडे जातो. महाराष्ट्रातून किती तरी कुटुंबं घरातल्या आजारी माणसाला घेऊन गाणगापूरला जातात. तिथे अपॉइंटमेंट लागत नाही. आरतीच्या वेळी कुणी ओरडलं, लोळलं, तर आजूबाजूचे लोक बाजूला सरकून जागा करतात. याला इथे येण्याचा हक्क आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण ते सगळ्यांनी धरलेलं असतं. मानववंशशास्त्रज्ञ विएदा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. आजारी माणसाबरोबर घरचं कुणी तरी, बहुधा आई किंवा बायको, मंदिरात येऊन राहते, आणि त्याची पीडा आपल्या अंगावर घेण्यासाठी तीच झपाटल्यासारखी होते, असं त्यांनी नोंदवलं. त्यातली स्त्रियांच्या वाट्याची झीज नजरेआड करता येत नाही. पण आजारी माणूस तिथे एकटा नसतो, हेही खरं. आणि या श्रद्धास्थानांची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही: ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळ चालणाऱ्या एका निवाऱ्यात आग लागली आणि २८ माणसं गेली. त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. मोकळ्या दारातून आत घेतलेल्या माणसाला बाहेर पडण्याचं दार राहिलं नाही, तर ते आतिथ्य उरत नाही.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात याला एक सुंदर वळण दिलं. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांना त्यांनी घरी पाठवलं नाही. आवारात तंबू ठोकून त्यांना तिथेच राहायला सांगितलं. माणसं लवकर बरी होऊन घरी जाऊ लागली. पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेल्या थेरपिस्टला बरोबर आलेला भाऊ किंवा मावशी ही अडचण वाटते, आणि एकट्यानं बोलण्याची जागा तर हवीच. पण पहिल्या दिवशी त्या मावशीला बाहेर बसवताना दोन शब्द बोलले, पाणी दिलं, किती वेळ लागेल ते सांगितलं, तर आत बसलेल्याचे खांदे सैल होतात.

पंजाबी कवी आणि मानसोपचारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरु-चेला नात्याकडे उपचारांचा एक नमुना म्हणून पाहावं असं सुचवलं. इथला माणूस मार्गदर्शनाच्या अपेक्षेनं येतो. थेरपिस्ट शिस्त म्हणून गप्प राहिला, तर ते मौन त्याला नकारासारखं वाटतं. नेकींचं निरीक्षण आजही लागू आहे. पण गुरूचं आसन चढायला सोपं आणि उतरायला अवघड असतं. पहिल्याच भेटीत सल्ला मागणाऱ्याला सल्ला देऊन टाकणं हे त्याला खूश करून वाटेला लावण्यासारखं होतं. त्यापेक्षा खरं काय ते सांगावं: मी लगेच उपाय सांगणार नाही, त्याचं कारण हे, आणि तोवर आपण दोघं मिळून असं असं करू. गोपनीयतेचंही तसंच. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं ती रुग्णाचा हक्क म्हणून दिली आहे. तुमचं बोलणं इथेच राहील, पण जिवाला धोका दिसला तर मला कुणाला तरी सांगावं लागेल आणि ते आधी तुम्हाला सांगेन, हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत उच्चारलं गेलं की माणूस काय बोलायचं ते स्वतः ठरवू शकतो. कागदावर सही घेऊन हे होत नाही. तोंडानं सांगावं लागतं, त्याच्याकडे पाहत, आणि मग थांबावं लागतं.

थांबण्याचा धडा मराठीला मुक्ताबाईनं दिलेला आहे. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा ती बाहेर उभी राहिली. वयानं लहान बहीण. तिनं ताटी ढकलली नाही, ती बोलत राहिली. ताटीचे अभंग म्हणून ते बोलणं आजही वारकरी म्हणतात. दार आतून लावलेलं आहे आणि ते आतूनच निघणार, हे तिनं गृहीत धरलं होतं. समुपदेशनाच्या खोलीत येणारा माणूस पुष्कळदा असाच असतो. शरीरानं खुर्चीत बसलेला, ताटी लावलेली. दोन-तीन भेटी तो फक्त हवामान, ऑफिस, झोप यांविषयी बोलतो, आणि चौथ्या भेटीत, पन्नासातली सत्तेचाळीस मिनिटं संपल्यावर, दाराच्या मुठीवर हात ठेवून सांगतो की खरं तर एक गोष्ट होती.

नचिकेतालाही तीन वर मिळाले होते. मृत्यूनंतर काय उरतं, हा मोठा प्रश्न त्यानं तिसऱ्या वराला विचारला, दुसऱ्या वराला अग्नीची विद्या मागितली. पहिला वर सर्वांत छोटा, घरगुती आहे. मी परत जाईन तेव्हा बाबांचा राग गेलेला असू दे, त्यांचं मन शांत असू दे, त्यांनी मला ओळखावं आणि माझ्याशी बोलावं. यमानं त्याला यापेक्षा मोठं काही माग म्हणून सुचवलं नाही, बापाला क्षमा कर असंही शिकवलं नाही. होईल, एवढंच म्हणाला, आणि पुढे त्यानं आपण होऊन एक गोष्ट जोडली: तुझे बाबा रात्री सुखानं झोपतील.